ई-सायकलची बॅटरी जास्त वर्षं टिकवायची कशी

ई-सायकलची बॅटरी चालवून झिजते त्यापेक्षा उभ्याउभ्या जास्त झिजते. रोज दहा-बारा किलोमीटर जाणारी सायकल दिवसातून फार तर तासभर रस्त्यावर असते. उरलेले तेवीस तास बॅटरी भरलेली पडून आहे की रिकामी, उन्हात आहे की सावलीत, कोरडी आहे की दमट, यावर ती दोन वर्षांत बसणार की पाच वर्षं चालणार हे ठरतं. त्यामुळे या लेखात सायकल चालवण्याबद्दल थोडं आणि ठेवण्याबद्दल बरंच आहे.

आकडे सगळे एकाच प्रकारच्या लिथियम-आयन बॅटरीचे घेतले आहेत: ३६ व्होल्ट, ७.८ एएच (अँपिअर-तास), सोबत २५० वॅटची मोटर आणि २ अँपिअरचा चार्जर. आपल्याकडे रजिस्ट्रेशन न लागणाऱ्या ई-सायकलींत हा मेळ सर्रास दिसतो. तुमची बॅटरी वेगळी असेल तर त्याच पद्धतीने आकडे बदलून घ्या.

आधी लेबल वाचा

७.८ एएचच्या पॅकमध्ये बहुतेक वेळा १८६५० मापाचे तीस सेल असतात. १८ मिलिमीटर व्यास, ६५ मिलिमीटर उंची, म्हणजे पेन्सिल सेलचा जाडजूड मोठा भाऊ. २.६ एएचचे तीन सेल शेजारी जोडून एक गट होतो आणि असे दहा गट एकापुढे एक जोडलेले असतात. प्रत्येक गट पूर्ण भरला की ४.२ व्होल्ट दाखवतो, म्हणून पूर्ण भरलेला पॅक ४२ व्होल्ट. नावापुरते ३६ व्होल्ट ही मधली सरासरी आहे. ३० ते ३१ व्होल्टच्या आसपास कंट्रोलर, म्हणजे मोटरला वीज देणारं सर्किट, मोटर बंद करतो. ३६ गुणिले ७.८ म्हणजे सुमारे २८० वॅट-तास, ही तुमची टाकी.

चार्जरवर ‘आउटपुट ४२ व्होल्ट’ लिहिलं असेल तर पुढचं सगळं तुम्हाला जसंच्या तसं लागू आहे. चार्जर ४३.८ व्होल्टचा आणि बॅटरीच्या लेबलवर ३८.४ व्होल्ट असेल तर ती एलएफपी, म्हणजे लोह-फॉस्फेट जातीची. ती स्वभावाने सोशिक असते. तिला ८० टक्क्यांवर थांबवण्याचा फारसा फायदा नाही, उलट आठवड्यातून एकदा पूर्ण भरलेली बरी. ऊन, पाणी आणि रिकामी ठेवण्याबद्दलचे नियम मात्र तिलाही तेच.

सीटखाली बारा-तेरा किलोचा ठोकळा असेल तर ती जुनी लेड-अॅसिड. तिचा नियम बरोब्बर उलटा: वापर झाला की लगेच पूर्ण भरा आणि नेहमी भरलेलीच ठेवा. ‘रात्रभर चार्जिंगला लाव’ हा घरोघरी मिळणारा सल्ला याच बॅटरीच्या काळातला आहे. पूर्ण संपवल्याशिवाय चार्ज करू नये हा सल्ला त्याच सुमाराच्या निकेल-कॅडमियम सेलचा. लिथियमला दोन्ही लागू नाहीत.

डिस्प्लेवरच्या काड्यांऐवजी मल्टिमीटर

डिस्प्लेवरच्या चार-पाच काड्या थापा मारतात. चढावर दोन दिसतात, उतारावर चार. काही शे रुपयांचा साधा डिजिटल मल्टिमीटर घ्या, खरी स्थिती त्याच्यावर कळते.

काळी वायर ‘कॉम’मध्ये, लाल वायर व्होल्टच्या भोकात आणि नॉब डीसी २०० व्होल्टवर. सायकल थांबवून अर्धा तास झाला की बॅटरीच्या पिनांना एक-एक टोक लावा. दोन्ही टोकं एकमेकांना लागली तर ठिणगी उडते आणि फ्यूजही जाऊ शकतो, म्हणून टोकांवर जेमतेम दोन-तीन मिलिमीटर धातू उघडा राहील अशी टेप गुंडाळून घ्या. काही पॅकच्या चार्जिंग पिनवर व्होल्टेज मुळीच दिसत नाही, कारण आतलं सर्किट उलटा प्रवाह अडवतं. अशा वेळी बॅटरीची किल्ली चालू करून मोटरकडे जाणाऱ्या पिनांवर मोजा.

आकडे ढोबळमानाने असे वाचायचे: ४२ म्हणजे पूर्ण, ४१ म्हणजे नव्वदच्या घरात, ४० म्हणजे ऐंशी टक्के. ३८ ला सुमारे साठ उरतात, ३७ ला चाळीस ते पन्नास. ३५ दिसले की पंधरा टक्केच शिल्लक आहेत आणि घर गाठायची वेळ झाली. एलएफपीला हा तक्ता चालत नाही. तिचं व्होल्टेज मधल्या पट्ट्यात जवळजवळ हलतच नाही.

भरायची किती आणि कधी

पूर्ण भरलेला सेल म्हणजे ताणून ठेवलेला सेल. ४.२ व्होल्टवर आतलं द्रव इलेक्ट्रोड्सच्या पृष्ठभागावर हळूहळू विघटित होत राहतं. त्याचा थर साठतो, त्या थरात वापरायचं लिथियम कायमचं अडकतं आणि सेलचा अंतर्गत रोध वाढतो. ही क्रिया सायकल नुसती उभी असतानाही चालू असते, आणि उष्णता वाढली की तिचा वेग वाढतो. म्हणून मे महिन्यात पूर्ण भरून आठ दिवस गावाला जाणं हे बॅटरीला महिनाभराच्या वापरापेक्षा महागात पडू शकतं.

उपाय सोपा आहे: रोजच्या वापरासाठी ८० टक्क्यांपर्यंत भरा आणि २० च्या खाली जाऊ देऊ नका. अडचण एवढीच की आपल्याकडचे साधे चार्जर ८० वर थांबत नाहीत. मग घड्याळ लावायचं.

समजा ऑफिस सहा किलोमीटरवर आहे. येऊनजाऊन बारा. थ्रॉटल आणि पॅडल मिळून किलोमीटरला ९ वॅट-तास धरले तर १०८ वॅट-तास गेले, म्हणजे टाकीचे सुमारे चाळीस टक्के. सकाळी ८० वर निघालेली बॅटरी संध्याकाळी ४० वर घरी येते. पुन्हा ८० वर न्यायला ७.८ चे चाळीस टक्के, म्हणजे ३.१ एएच लागणार. चार्जर तासाला २ एएच देतो. तेव्हा दीड तास आणि वर पाच मिनिटं. ८० पर्यंतचा हिशोब असा सरळ चालतो, कारण तोवर चार्जर पूर्ण २ अँपिअर देत असतो. शेवटच्या टप्प्यात तो करंट कमी करत नेतो, म्हणून तिथे वेळ ताणला जातो.

पहिल्या दोन-तीन वेळा चार्जिंग झाल्यावर अर्ध्या तासाने मीटर लावून बघा. ४० ऐवजी ३९.५ किंवा ४०.५ आले तर पुढच्या वेळी दहा-पंधरा मिनिटं इकडेतिकडे करा. एकदा वेळ बसली की मीटरची रोज गरज नाही. चार्जरच्या प्लगला टायमर किंवा स्मार्ट प्लग लावला की विसरायची भीती संपते.

वेळ कोणती? सगळ्यात चांगली पहाटेची, घरात कोणीतरी उठलेलं असताना. हवा थंड असते, चार्जिंग संपलं की तासाभरात सायकल बाहेर पडते आणि बॅटरी भरलेल्या अवस्थेत कमीत कमी वेळ राहते. सगळे झोपलेले असताना चार्जिंग नको. ते बॅटरीसाठी वाईट आहेच, पण त्याआधी ते घरासाठी वाईट आहे.

लांब जायचं असेल त्या दिवशी बिनधास्त १०० टक्के भरा आणि लगेच निघा. ‘८० च्या वर गेली की खराब होते’ असं काही नाही. वर नेऊन तिथेच ठेवली की खराब होते.

महिन्यातून एकदा मात्र पूर्ण

इथे एक मेख आहे. पॅकमधलं बीएमएस, म्हणजे सेलवर लक्ष ठेवणारं सर्किट, दहा गटांचं व्होल्टेज सारखं करतं, पण साध्या पॅकमध्ये ते काम फक्त वरच्या टोकाला, ४.२ च्या आसपास होतं. नेहमी ८० वरच थांबलात तर गट हळूहळू पुढेमागे होत जातात. मग चार्जिंग करताना एखादा गट आधी भरतो आणि बीएमएस सगळ्यांचंच चार्जिंग तोडतं. चालवताना दुसराच एखादा गट आधी संपतो आणि पुन्हा सगळं बंद. टाकीत माल आहे, पण वापरता येत नाही.

म्हणून महिन्यातून एकदा पूर्ण भरायची आणि हिरवा दिवा लागल्यावर आणखी दोन तास चार्जरवर राहू द्यायची. हे सुट्टीच्या सकाळी, जागेपणी करा आणि दुपारच्या आत सायकल थोडी फिरवून आणा. समतोल साधणारा करंट फार बारीक असतो, साधारण ५० मिलिअँपिअरच्या घरात. तासाला ०.०५ एएच एवढाच फरक तो भरून काढतो. वर्षभराचा ०.३ एएचचा फरक सहा तास घेणार. नियमित केलं तर दोन तास पुरतात.

गट बिघडल्याची खूण अशी: हिरवा दिवा नेहमीपेक्षा लवकर लागतो, अंतर मात्र घटलेलं असतं, आणि चार्जरवरून काढल्यावर मीटर ४१.८ ऐवजी ४१.२ किंवा त्याहून कमी दाखवतो. सलग तीन-चार वेळा पूर्ण भरून, वर काही तास चार्जरवर ठेवूनही फरक पडला नाही तर एखादा गट खरोखर कमजोर झाला आहे. तेव्हा पॅक उघडून दहाही गट वेगवेगळे मोजावे लागतात आणि ते काम जाणकार तंत्रज्ञाचं. त्याला इतकंच विचारा, की सगळ्यात वरच्या आणि सगळ्यात खालच्या गटात फरक किती? ०.०५ व्होल्टच्या आत असेल तर चिंता नाही. ०.२ असेल तर आहे.

चार्जर हा बॅटरीचा अर्धा जीव

चार्जर हरवला किंवा जळला की बाजारातून ‘३६ व्होल्टचा’ चार्जर आणला जातो आणि इथेच घात होतो. ३६ व्होल्टच्या लेड-अॅसिडचा चार्जर ४३-४४ व्होल्ट देतो. एलएफपीचा ४३.८. दोन्हींच्या पिना तुमच्या ४२ व्होल्टच्या बॅटरीत बसू शकतात, कारण पिनेला जात कळत नाही. मग सेल वाचवायला एकटं बीएमएस उरतं, आणि रोज त्याच्या भरवशावर राहणं म्हणजे रोज फ्यूज उडवून दिवे बंद करण्यासारखं आहे. नावापुरते व्होल्ट बघू नका, आउटपुटचा आकडा बघा: ४२.० व्होल्ट. नवा चार्जर आणला की बॅटरीला लावण्याआधी त्याचं आउटपुट मीटरने मोजा. ४२.३ च्या वर दिसलं तर परत करा.

वेगवान चार्जरचा मोह टाळा. २ अँपिअरमध्ये प्रत्येक सेलच्या वाट्याला ०.६७ अँपिअर येतात, ती सेलसाठी आरामाची चाल. ५ अँपिअर लावले तर ते १.६७ होतात. सेल तापतो, आणि पॅकची चार्जिंगची पिन व वायर तेवढ्यासाठी बनवलेली असेलच असं नाही.

प्लग लावतानाची ठिणगी टाळायला आपल्याकडच्या बोर्डाला बटण असतं याचा फायदा घ्या. बटण बंद ठेवून आधी दोन्ही टोकं जोडा आणि मग बटण दाबा. काढताना आधी बटण बंद. तुमच्या माहितीपुस्तिकेत वेगळा क्रम दिला असेल तर तो पाळा. चार्जर गादीवर, कपड्यांच्या ढिगाऱ्यावर किंवा बॅटरीच्या अंगावर ठेवू नका. त्याची उष्णता बाहेर पडायला हवी आणि ती बॅटरीत शिरायला नको.

उन्हाळा, आणि थोडंसं थंडीबद्दल

नागपूर, चंद्रपूर, अकोला भागात पारा ४५ च्या पुढे जातो. बहुतेक सेलसाठी चार्जिंगची कमाल मर्यादाही ४५ अंशांचीच आहे. त्यात काळ्या रंगाची, फ्रेमवर उघडी बसवलेली बॅटरी दुपारभर उन्हात राहिली तर ती हवेपेक्षाही कितीतरी जास्त तापते. ऑफिसात सावलीचा स्टँड नसेल तर बॅटरी काढून आत न्या. दोन-अडीच किलोचं ओझं आहे, पण पूर्ण उन्हाळाभर एवढं केलं तर फरक दिसतो. काढता न येणारी असेल तर निदान पांढरं सुती कापड टाका, हवा खेळती राहील असं.

घरी आल्याआल्या चार्जिंगला लावू नका. बाहेरचं कवच थंड लागलं तरी मधले सेल तापलेलेच असतात. पाऊण तास ते तासभर जाऊ द्या. पंख्याखाली, फरशीवर ठेवली तरी चालेल. फ्रीजमध्ये ठेवायचा अघोरी उपाय कोणी सुचवला तर ऐकू नका, बाहेर काढल्यावर आत दव धरतं आणि सर्किट जातं.

पुण्या-नाशिकच्या थंडीने बॅटरीचं काही बिघडत नाही. अंतर जरा कमी मिळेल, इतकंच. जर्मनी, नेदरलँड्स किंवा कॅनडात राहून हे वाचणाऱ्यांसाठी मात्र एक नियम लोखंडी आहे: शून्य अंशाच्या खाली चार्जिंग नाही. तेव्हा लिथियम आत शिरण्याऐवजी धातूच्या रूपात पृष्ठभागावर साचतं आणि ते नुकसान भरून येत नाही. बॅटरी घरात आणा, खोलीच्या तापमानाला येऊ द्या, मग लावा.

चालवताना

थांबलेली सायकल नुसत्या थ्रॉटलवर उठवली की कंट्रोलर १४-१५ अँपिअर खेचतो. तीन सेलच्या गटात प्रत्येकाच्या वाट्याला ५ अँपिअर. करंट दुप्पट झाला की सेलच्या आतली उष्णता चौपट होते, म्हणून सिग्नल सुटल्यावर पहिली दोन-तीन पॅडलं पायाने मारायची आणि मग मोटरला हात लावू द्यायचा. एवढ्या एका सवयीने अंतरही वाढतं.

चढावर हब मोटरची, म्हणजे चाकाच्या मध्यभागी बसवलेल्या मोटरची, गोची अशी की गिअर फक्त तुमच्या पायांसाठी असतो, मोटरसाठी नाही. वेग दहाच्या खाली गेला की मोटर भरपूर करंट घेते आणि त्यातला मोठा भाग नुसती उष्णता होऊन जातो. कोथरूडकडून चांदणी चौकाकडे चढताना किंवा रत्नागिरीतल्या कुठल्याही रस्त्यावर, चढ सुरू होण्याआधीच हलका गिअर टाका आणि पाय चालते ठेवून वेग धरा.

बॅटरी वीस टक्क्यांवर आणि समोर चढ, अशा वेळी व्होल्टेज एकदम खाली येऊन मोटर बंद पडते. मिनिटभराने बंद-चालू केलं की पुन्हा जीव धरते. लोक असं पाच-सहा वेळा करतात. दर वेळी सगळ्यात कमजोर गट आणखी खोल ओढला जातो, आणि पॅक अकाली जाण्याचं हे एक हमखास कारण आहे. एकदा मोटर बंद पडली की पॅडल मारा.

टायरची हवा दर पंधरा दिवसांनी गेजच्या पंपाने बघा. किती भरायची ते टायरच्या कडेवर लिहिलेलं असतं. चाक उचलून फिरवा, डिस्क ब्रेक घासत असेल तर आवाज येईल. साखळीला तेल द्या. या सगळ्याचा खर्च शेवटी बॅटरीच्याच खात्यावर पडतो.

आणि खड्डे. सेल एकमेकांना निकेलच्या पातळ पट्ट्यांनी जोडलेले असतात. पॅक फ्रेमवर हलत असेल तर धक्क्यांनी वेल्डिंग सुटतं आणि एक सेल गटातून निखळतो. मग त्याचा भार उरलेल्या दोघांवर. महिन्यातून एकदा बॅटरी धरून हलवा. खुळखुळली तर स्टँडचे स्क्रू आवळा, तरीही फट राहिली तर जुन्या ट्यूबचा तुकडा कापून खाली सरकवा.

पावसाळा: वापरणाऱ्यांसाठी आणि ठेवून देणाऱ्यांसाठी

शिंतोड्यांना बॅटरी सहसा घाबरत नाही, पाणी शिरतं ते चार्जिंगच्या भोकातून आणि खालच्या पिनांतून. भोकाचं रबरी झाकण फाटलं असेल तर पहिल्या पावसाआधी बदला. चाकाच्या मध्यापर्यंत पाणी असलेल्या रस्त्यातून सायकल घालू नका. सर्व्हिसिंगला प्रेशरच्या पाण्याने धुवू देऊ नका. घरी आल्यावर बॅटरी काढून पिना कोरड्या कापडाने पुसा आणि पूर्ण वाळल्याशिवाय चार्जर लावू नका. हेअर ड्रायरची गरम हवा नको, पंखा पुरेसा आहे.

किनारपट्टीवर खारी हवा पिनांना खाते. हिरवट थर दिसला तर बॅटरीची किल्ली बंद करून आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या कानकाडीने पुसा, पाच-दहा मिनिटं वाळू द्या आणि सिलिकॉन ग्रीसचं अगदी पातळ बोट फिरवा. पिन काळी पडली असेल किंवा भोवतीचं प्लॅस्टिक वितळल्यासारखं दिसत असेल तर ते गंजणं नाही. तो सैल जोड तापल्याचा डाग आहे, कनेक्टर बदलावाच लागेल.

आता ठेवून देण्याबद्दल, कारण सगळ्यात जास्त बॅटऱ्या इथेच मरतात. जूनमध्ये शेवटची फेरी मारली, बॅटरी संपत आली होती, सायकल पडवीत झाकून ठेवली, गणपतीत काढली, तर चार्जरचा दिवा लगेच हिरवा आणि बॅटरी मेलेली. झालं काय? ३० व्होल्टला मोटर बंद झाली तेव्हा आत नखाएवढा माल उरला होता. बीएमएस आणि कंट्रोलर त्यातूनच थेंब-थेंब पीत राहिले. सेल २.५ व्होल्टच्या बराच खाली गेला की आतला तांब्याचा पत्रा विरघळायला लागतो. नंतर चार्ज केलं तर तेच तांबं भलत्या जागी जमून आतल्या आत शॉर्ट होऊ शकतं. अशा पॅकला बीएमएस वगळून थेट करंट देऊन ‘उठवणारे’ लोक भेटतात. देऊ नका. २५ व्होल्टच्या खाली सापडलेला पॅक पुन्हा घरात चार्ज करण्याच्या लायकीचा नसतो.

योग्य क्रम असा:

१. बॅटरी ३७ ते ३८ व्होल्टवर आणा. जास्त भरलेली असेल तर सायकल फिरवून उतरवा.
२. सायकलवरून काढा आणि बॅटरीची स्वतःची किल्ली किंवा बटण बंद करा.
३. पिना पुसून त्यांवर टोपण किंवा टेप लावा.
४. सुती पिशवीत घालून कपाटात, जमिनीपासून वर ठेवा. हवाबंद प्लॅस्टिक नको, आत ओल कोंडते. सिलिका जेलच्या दोन पुड्या टाका.
५. दर सहा आठवड्यांनी मीटर लावा. ३६ च्या खाली गेली तर तासभर चार्ज करा आणि थांबवा.

किती जीव उरला आहे?

‘पूर्वी तीस जायची, आता वीस जाते’ यावरून काही कळत नाही. हवा, वारा, वजन, रस्ता, सगळंच बदललेलं असतं. भिंतीच्या प्लगला लावायचं छोटं युनिट-मीटर मिळतं, ते वापरा (एक युनिट म्हणजे १००० वॅट-तास). सपाट रस्त्यावर मोटर बंद पडेपर्यंत चालवा, घरी येऊन तासभर थांबा, मग हिरवा दिवा लागेपर्यंत चार्ज करा आणि किती युनिट गेलं ते लिहा. २८० वॅट-तासांची धडधाकट बॅटरी चार्जरमधली नासाडी धरून सुमारे ०.३३ युनिट घेते. पहिला आकडा बॅटरी नवी असताना लिहून ठेवला तर उत्तम. हीच चाचणी ०.२३ वर आली की क्षमता सत्तर टक्क्यांवर आली असं समजा. वर्षातून तीन-चारदाच करा, कारण दर वेळी बॅटरी तळापर्यंत जाते.

५०० ते ८०० पूर्ण चक्रांनंतर क्षमता ८० टक्क्यांवर येणं हे या जातीच्या सेलचं नेहमीचं वय आहे. ४० वरून ८० वर भरणं हे पूर्ण चक्र नाही, चाळीस टक्केच. वरचं वेळापत्रक पाळलं तर आठवड्याचे पाच दिवस मिळून दोन चक्रं होतात, वर्षाची शंभरच्या आसपास. म्हणजे नुसत्या वापराने ती पाच वर्षं सहज जायला हवी. दोन वर्षांत गेली तर कारण बहुधा वापर नसतं.

लगेच थांबायच्या खुणा

कवच फुगलेलं किंवा शिवणीत उघडलेलं, नेलपॉलिश रिमूव्हरसारखा गोडसर वास, चार्जिंग करताना एकाच जागी जास्त गरम लागणं, पडल्यानंतर आतून खडखड. यातलं एकही दिसलं तर बटण बंद करा आणि बॅटरी घराबाहेर, मोकळ्या जागी, जळण्यासारख्या वस्तूंपासून दूर ठेवा. धूर निघत असेल तर तिला हात लावू नका. माणसं बाहेर काढा, १०१ ला फोन करा. एरवीही चार्जिंगची जागा घराच्या एकुलत्या दरवाजाजवळ किंवा जिन्यात असू नये. आग लागली तर पळायची वाट तीच असते.

रिपॅक करताना

पेट्या तशाच ठेवून आतले सेल बदलून देणारे आता बऱ्याच शहरांत आहेत आणि नव्या बॅटरीपेक्षा ते स्वस्त पडतं. काम चांगलं झालं तर हरकत नाही. तीन गोष्टी आधी ठरवून घ्या. तीसही सेल नवे, एकाच कंपनीचे, एकाच खेपेचे हवेत. ‘खराब तेवढेच बदलतो’ म्हणणाऱ्याकडून करू नका, जुन्यांत नवे मिसळले की दोन महिन्यांत गट पुन्हा पुढेमागे होतात. जोड स्पॉट-वेल्डिंगचे हवेत, सेलवर सोल्डरिंग नको, त्या उष्णतेने सेल नवा असतानाच दुखावतो. पट्टी शुद्ध निकेलची आहे की निकेलचा मुलामा दिलेल्या पोलादाची, हेही विचारा. किनारपट्टीवर दुसरी गंजते, आणि रोध जास्त असल्याने तापतेही. विक्रेत्याला सेलवर भारतीय मानक आयएस १६०४६ ची खूण दाखवायला सांगा. लॅपटॉपच्या जुन्या पॅकमधून काढलेल्या सेलना नवं रंगीत वेष्टण चढवून विकलं जातं. सेलच्या टोकावर जुन्या वेल्डिंगचे बारीक ठिपके किंवा घासल्याच्या खुणा दिसल्या तर ते त्यातलेच.

काढलेले जुने सेल घंटागाडीत टाकू नका आणि भंगारवाल्यालाही देऊ नका. कचऱ्याच्या गाडीत दाबले गेले की पेटतात. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करून पुनर्वापराला पाठवण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे, तेव्हा आधी विक्रेत्यालाच विचारा. नाही म्हणाला तर अधिकृत ई-कचरा संकलन केंद्र. नेईपर्यंत दोन्ही पिनांवर इन्सुलेशन टेप लावून पॅक कोरड्या जागी ठेवा. सेल सुटे असतील तर प्रत्येकाच्या दोन्ही टोकांना वेगळी टेप लावा.